उलटा हात

पाकटाचा तुकडा टाकायला बाबा कायाक घेऊन गेले
तिसऱ्या वाळूदांड्याच्या पलीकडं. रीळ माझ्या हातात.
दोरी सुटत राहिली, आणि मला वाटत राहिलं
टोकाला बाबाच आहेत.

मग टेक्ससच्या त्या लांबलचक किनाऱ्यावर काहीच नाही.
सँडविचात वाळू. वर्लीन आत्याच्या जांभया.
रॉस्कोकाका ट्रकच्या पलीकडं, वेगळ्या खुर्चीत:
बोटीच्या पैशावरून दोन वर्षं अबोला.

रात्री दोनला रीळ किंचाळलं.
बाबा टाचा रोवूनही पाण्याकडं ओढले जात होते,
तेव्हा मागून धावत येऊन काकांनी
त्यांचा कमरेचा पट्टा धरला.
"सैल सोड."
"सोडतोय."

पाऊण तासानं ती आली गुडघाभर पाण्यात,
मादी शार्क, माझ्याहून लांब.
काकांनी पक्कडीनं गळ तोडला.
आत्या म्हणाली, हात लाव, पटकन.
डोक्याकडून शेपटीकडं: ओल्या साबणासारखी.
मी उलटा हात फिरवला,
तळवा सोलला.

बाबांनी पाण्यात धरून ठेवली, ती हलेपर्यंत.
गेली तेव्हा निरोपबिरोप काही नाही,
तोंडावर खारं पाणी फक्त.

सकाळी पुन्हा दोन खुर्च्या, ट्रकच्या दोन बाजूंना.
पट्ट्याचं बक्कल वाकलं होतं.
बाबांनी ते सरळ केलं नाही.