बिलावरची ओळ

मनामाच्या सोनारगल्लीत, जिथे एसीचं पाणी
उंबऱ्यावर ठिबकत राहतं, ते आमचं दुकान.
भिंग लावताना दोन्ही डोळे उघडे ठेवायचे,
एक खड्यावर, एक गिऱ्हाइकावर,
हे अबू राशिदनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं.
तोंड उघडायचं मी फार उशिरा शिकलो.

पहिली चार वर्षं गप्प राहून विकलं.
खोटं नाही बोललो कधी.
कुणी विचारलंच नाही तर सांगायचं कशाला,
एवढंच माझं तेव्हाचं सोवळं.

माणिक होते ते, वाटाण्याएवढे, डाळिंबी.
निम्मे माणिक, निम्मी काच.
भेगांमध्ये शिशाची काच वितळवून मुरवलेली.
दिव्याखाली तिरका धरला
की आतून एक निळी ठिणगी सरकते.
ती मी पाहायचो
आणि डबीचं झाकण लावायचो.

मग कुडाळच्या सुनेत्रा चेंदवणकर आल्या,
नाइट ड्यूटी संपवून, डोळे तांबारलेले.
बोटातली अंगठी काढून काउंटरवर ठेवली.
‘लिंबाचं लोणचं घातलं हो,
अंगठी काढायची राहिली.’
खड्यावर पांढऱ्या रेघांचं जाळं,
जणू आटलेलं मिठागर.

भांडल्या नाहीत.
‘तुम्हाला माहीत होतं?’ एवढंच विचारलं.
हिंदीत विचारलं असतं
तर ‘मालूम नहीं, मॅडम’ म्हणून निसटलो असतो.
मराठीत ती सवय नव्हती लागलेली.

अबू राशिदनी पैसे परत केले,
माझ्या तीन पगारांतून कापले,
आणि चहा मागवून म्हणाले,
माझे आजोबा मोत्यांसाठी तळाशी जायचे,
तिथे श्वास रोखून धरायचे.
तू तो काउंटरवर धरतोस.

आता मी आधीच सांगतो.
या पाचूच्या भेगांत तेल आहे, गरम पाण्यापासून जपा.
हा मोती गुलाबी जन्मला नाही, रंगवलाय.
हा माणिक घेऊच नका, किंवा घ्या,
पण काचेच्या भावात घ्या.
काही जण मान हलवून
पलीकडच्या दुकानात जातात.
तिथे सगळंच अस्सल असतं.

परवा हुसेनमियाँ परकार आले, दापोलीचे,
सित्र्याला वेल्डर, हातावर ठिणग्यांचे जुने डाग.
बायकोसाठी नीलम हवा होता.
म्हटलं, हा खरा आहे, पण भट्टीतून आलेला.
आतला धुरकट रेशमी पदर उष्णतेने विरतो,
मग निळा मोकळा होतो. रंग टिकेल.
न तापवलेला असा निळा हवा तर भाव कितीतरी पट.

हसले. ‘किती डिग्री?’
सोळाशेच्या आसपास, मी म्हणालो.
‘म्हणजे पोलाद वितळतं तिथवर,’
आणि खडा तळहातावर घेऊन
ओळखीच्या माणसाकडे बघावं तसे बघत राहिले.
‘मग आमच्यातलाच की हा.’

मी नाही म्हणालो नाही, हो पण म्हणालो नाही.
दगडाला दर शुक्रवारी घरी फोन नसतो करायचा.

साठ दीनार मोजून झाल्यावर म्हणाले,
‘बिलावर मराठीत लिहा.
तिला वाचता आलं पाहिजे.’

पेन घेतलं आणि अडलो.
इंग्रजीत शिक्का तयार आहे, दोन शब्दांचा,
खाली कोपऱ्यात, कुणी वाचत नाही इतका बारीक.
‘संस्कारित’ लिहू? त्याने तर मुंज झाल्यासारखं वाटेल.
‘उपचार केलेला’? ती विचारेल, आजारी होता का?

एसीचं पाणी ठिबकत होतं.
अबू राशिद दुपारच्या नमाजाला शटर अर्धं ओढत होते.
मी मोठ्या अक्षरात लिहिलं,
दापोलीच्या खिडकीशी धरून वाचता येईल असं:

नीलम एक. खरा. तापवून निळा केलेला.
हे विकताना सांगितलं आहे.

परकारांनी ओळ दोनदा वाचली,
बिल डबीत नाही,
खिशात पासपोर्टच्या आत ठेवलं.