आलेलं उत्तर

दारावर पाटी आहे : प्रयोगशाळा.
आत मोडकी बाकं, जुन्या पावत्यांचे गठ्ठे,
कुठल्याशा गॅदरिंगचा थर्माकोलचा उंट,
आणि काचेच्या कपाटात सहा ब्युरेट.
त्यांतल्या दोहोंच्या तोट्या गळतात.
किल्ली ऑफिसात. तपासणीच्या दिवशी दार उघडतं,
एरवी नाही.

अजमानच्या सनैय्यात, टायरच्या दुकानांमागे आमची शाळा.
सकाळी मुली, दुपारी मुलगे,
एकाच बाकावर दोन्ही पाळ्यांनी कोरलेली नावं.
फी इथल्या मानाने कमी, म्हणजे
वेल्डरला, लेथवाल्याला, भाजीबाजारातल्या हमालाला
दर महिन्याला घाम फोडेल इतकीच.

अकरा वर्षं मी फळ्यावर लंबक टांगते आहे.
खडूचा दोरा, खडूचा गोळा.
कधी हलला नाही.
बाजूला तक्ता : लांबी, वेळ, वेळेचा वर्ग,
आणि खाली चौकटीत नऊ पॉइंट आठ.
मुली उतरवून घेतात, पट्टीने सुबक रेघा मारतात.
हे आकडे माझ्याआधीच्या बाईंच्या वहीतले,
त्यांना त्यांच्याआधीच्या सरांकडून मिळालेले.
कुठल्या गावी, कुठल्या दुपारी, कुणी
खरोखर वीस झोके मोजले होते
कुणालाच ठाऊक नाही.
त्या एका अनोळखी माणसाच्या नजरेवर
आम्ही सगळे पास होत आलो.

या ऑक्टोबरात मी किल्ली मागितली नाही.
खिडकीतल्या एसीखाली बाटली लावली.
दोन तासांत लिटरभर पाणी,
"जवळजवळ डिस्टिल्ड," मी म्हटलं,
"जवळजवळ" हा शब्द वहीत लिहायला लावला.
घरून आणलेली हळद साबणाच्या पाण्यात लाल झाली,
अरबी दुकानातलं काळं, वाळकं लिंबू भिजवून घातलं
तर पुन्हा पिवळी.
एवढ्यासाठी चाळीस मुली बाकांवर चढल्या
आणि सुपरवायझर गोंगाटाची चौकशी करून गेले.

हुमैरा मुकादमचे वडील लेथवर असतात.
तिने दप्तरातून ट्रेलरचा एक नट काढला,
मुठीएवढा, ग्रीसचा वास अजून न गेलेला.
दाराच्या चौकटीतल्या खिळ्याला दोरा बांधला,
टेपने मोजून मीटरभर.
(सुपरवायझर पुन्हा आले,
पण झोका चालू होता, आत येता येईना.)
माझ्या मोबाइलवर वेळ.
मोजता मोजता बारानंतर कुणीतरी चौदा म्हणालं,
पुन्हा पहिल्यापासून.
वीस झोके, चाळीस पॉइंट आठ सेकंद.
भागाकार, खाडाखोड, परत भागाकार :
नऊ पॉइंट एकोणपन्नास.

वर्ग गप्प.
मागून सल्ला आला, "आठ कर ना, कोण बघतंय?"
हुमैरा थोडा वेळ रबर हातात धरून बसली.
मग माझ्याकडे न बघता म्हणाली,
"बाई, आमचं इतकंच आलं."

मला रत्नागिरीची एक दुपार आठवली.
ब्युरेटला हात न लावता
मी अठरा पॉइंट तीन लिहिलं होतं
शेजारणीच्या वहीत बघून.
आणि तिने कुणाच्या?

फेब्रुवारीत बोर्डाचा परीक्षक येईल.
त्याच्या हातात छापलेलं उत्तर असेल.
गुण जातील का, मला माहीत नाही.
तिला मी तसंच सांगितलं.
तिने पेनने लिहिलं,
रबर जिचं तिला परत केलं.

घंटा झाली तरी ती तिथेच,
नट तळहातावर तोलत, टेप उलटसुलट धरत.
"बाई, आपण दोरा गाठीपर्यंत मोजला.
झोका तर अख्खा नट घेतो ना?
त्याच्या पोटापर्यंत मोजायला हवं होतं."

खाली मुलग्यांची बस लागली होती.
मी खिळा काढला नाही, दोराही सोडला नाही.
धावत आत येताना कुणाच्या तरी पोटात बसेल तो नट,
आणि कळवळत का होईना
तो विचारेल, हे काय आहे.