निळीचा थर

गणपती गेले की बापट कॅम्पातली शेडं
रिकाम्या डब्यासारखी वाजतात.
तेव्हा येतात माणसांची कामं.
पुतळ्याला विसर्जन नसतं,
म्हणून घासाघीस फार.

उचगावच्या शाळेची कमिटी एक फोटो घेऊन आली.
रेंदाळकर मास्तर, चित्रकलेचे.
पासपोर्ट साईझ, समोरून,
टोपीची सावली कपाळभर.
बजेट ब्राँझचं नाही,
ब्राँझच्या रंगाचं.

इलाहीचाचांनी सळी वाकवली,
सुतळीनं लाकडाची फुली आत टांगली.
"माती आळशी असते पोरी,
तिला आतून कुणीतरी धरावं लागतं."
मग शाडू. गोळे, चापट्या, अंगठा.
नाक उभं राहिलं, भुवया आल्या,
मिशांनी दोन दिवस खाल्ले.
चौथ्या दिवशी मी पाट फिरवला
आणि थांबले.

फोटोला मागं नसतं.

मास्तरांच्या लेकीला फोन केला.
ती बराच वेळ गप्प.
म्हणाली, त्यांनी बोलावलं की समोर जाऊन उभी राहायचे,
जा म्हटलं की जायचे.
मागून बघायचं सुचलंच नाही.

मग एक रिक्षावाला आला, बंडा चौगले,
अठ्ठ्याऐंशीची बॅच.
ओलं फडकं बाजूला केलं तसे
त्यानं न सांगता हात धुतले.
"आमास्नी मास्तर पाठमोरंच पाठ हायत.
फळ्यावर घोडा काढाय लागलं की तासभर वळायचं न्हाईत.
घोडा शेपटीपासनं सुरू व्हायचा."
त्यानं मानेवर एक वळी आणली,
टाळू जरासा चेपला,
आणि उजव्या कानामागं अंगठा रोवून म्हणाला,
"हितं खडू.
खडू काढला तरी खाच ऱ्हायची."

कमिटी म्हणाली, खडू नको, शोभत नाही.
खाच राहिली.
खाचेला पैसे पडत नाहीत.

मग साचा.
बंद पडलेल्या टॉकीजच्या फिल्मचे तुकडे
या कानापासून त्या कानापर्यंत खोचत गेले;
नट, नट्या, एक घोडेस्वार,
सगळे मातीत कमरेइतके.
पहिल्या प्लास्टरच्या पाण्यात चाचांनी
किराणा दुकानातली नीळ ढवळली,
धोतराला घालतात ती.
हा थर बोटांनी उडवायचा, पातळ.
त्यावर पांढरं, जाड, काथ्या घालून.
थोड्या वेळानं साचा तापतो.
आपण काही केलेलं नसतं,
तरी तापतो.

माती उपसली. मास्तर घमेल्यात गेले.
उरला त्यांचा उलटा आकार,
नाकाचा खड्डा, डोळ्यांचे उंचवटे.
साबणाचं पाणी फिरवलं,
नवं प्लास्टर ओतलं,
रात्रभर कुणी शेडात बोललं नाही.

आता फोडायचं.
बोथट छिन्नी, लाकडी हातोडी.
"पांढरं आहे तोवर शिव्या देत फोड.
नीळ दिसली की गप्प हो.
निळीखाली माणूस आहे."
चाचांचा हात आता थरथरतो, म्हणून मी फोडते.
फळीवर एक वकील आहेत, नाक नसलेले.
त्यांच्याबद्दल चाचा फक्त एवढंच सांगतात
की त्या साली घाई होती.

कपाळ निघालं. मिशा निघाल्या,
अर्धा दिवस गेला.
कानामागं आले तर नीळ खाचेत
दातात अडकल्यासारखी घट्ट.
सुई लावली, दाभण लावला.
कानाची पाळी एकदा कुरकुरली
आणि माझ्या पोटात गोळा आला.
चाचा म्हणाले, सोड.
मागचं कोण बघतंय.

ब्राँझ पावडर सगळीकडे बसली.
तिथं मी ब्रश नेला नाही.

शाळेत मास्तरांना जुना फळा होता
त्याच भिंतीला पाठ लावून बसवलंय.
आयुष्यात पहिल्यांदा
वर्गाकडे तोंड करून.
भाषणं झाली, साखरवाटप झालं.
बंडानं हार घालताना
हात जरा जास्तच मागं नेला,
बाहेर काढून बोट बघितलं,
आणि खिशात घातलं.