शेरा

अंगणवाडीच्या तक्त्यावर तीन रंग.
हिरवा, पिवळा,
आणि लाल म्हणजे लेकरू वाळलेलं.
छबू खंडारेची पलक
तिन्ही रंग ओलांडून वरून कागदाबाहेर गेली.
तीन वर्षं दोन महिने, एकोणतीस किलो.

गाव म्हणायचं, मजा आहे बाप्पा,
लोणी चारतं काय व पोरीले?
छबूची शेळी आटलेली,
रेशनचा तांदूळ वीस तारखेपर्यंत.
पोरगी ढेपेच्या पोत्यात हात घालून बसायची.
एकदा गव्हाणीतली सरकी,
एकदा माझ्या हातातला खडू.

नागपूरला मेडिकलमध्ये नळीभर रक्त दिलं.
कागद चार महिन्यांनी आला.
डॉक्टरीण तरुण होती, बसवून सांगितलं तिनं:
अंगातली चरबीच डोक्याला निरोप धाडते,
लेप्टिन म्हणतात त्याला,
की साठा आहे, आता थांब.
हिच्यात तो तयारच होत नाही.
अंग भरत जातं
आणि डोक्याला वाटतं, दुष्काळ.

एसटीत छबू कारंज्यापर्यंत गप्प.
मग म्हणाली,
म्हंजे कोतवालच नाई ना बाई.
कोठार भरलं
तरी दवंडी देनारं कोनी नाई.

औषध आहे म्हणतात. रोज एक सुई, परदेशातून.
अर्ज केलाय,
पोचपावती माझ्या पर्समध्ये, घडीवर फाटत चाललेली.

तोवर कण्यांच्या डब्याला सायकलचं कुलूप,
किल्ली छबूच्या अंबाड्यात.
पोरगी झोपेतही तोंड हलवते.
आई जेवते गोठ्यात, उभ्यानं, भिंतीकडे तोंड करून,
भाकर आधी पाण्यात भिजवून,
मोडल्याचा आवाज नको.

परवा लेकरं गेल्यावर काटा रिकामा होता.
म्हटलं, तू पण चढ.
सदतीस.
अर्ध्या भाकरीवरच म्हणते, बस, पुरे.
हा पुरे रक्तातला नाही.
माझ्या आईचा असाच होता,
मीही शिकले होते,
मग मला नोकरी लागली.

शेवटचा रकाना शेऱ्याचा.
पलकच्या ओळीत लिहिलं, अर्ज प्रलंबित.
छबूची ओळच नाही वहीत.
पातेल्याच्या तळाची खिचडी ताटलीत काढली,
दार लोटून घेतलं,
म्हटलं, बस. खाली बसून खा.
तिनं घास उचलला
आणि बाहेरून, दाराच्या फटीला तोंड लावून:
माय व.