चकरी, चिमटा

कार्ड परत घेतलं त्यांनी हिंजवडीत,
दोरीची चकरी राहिली माझ्या पट्ट्याला.
ओढली की लांबते, सोडली की टक् करून माघारी.
आता तिला नेलकटर लटकतो.
दोऱ्याचं टोक दातानं तोडू नये, सांगायचे बैरामकाका,
ज्यांचे पुढचे दोन नव्हतेच.

"सध्या काय, माश्या मारतोयस?"
सातपुते विचारतात जिन्यात.
बांधतोय, म्हणतो मी.
बारीक गळ, शकूरभाईनं दुकानात मुद्दाम राखून ठेवलेली
कोंबड्याच्या मानेवरची तांबूस पिसं,
आईच्या शालूतली जर, दोन वेढे.
गळाचा काटा पक्कडीनं आधीच चेपायचा,
म्हणजे शिरला तसा निघतो.

चिमटा हेमाताईचा.
बत्तीस वर्षं ससूनमध्ये ऑपरेशनच्या टेबलाशी उभी,
जाताना स्वतःच्या पैशानं घेतला एक, आठवण म्हणून.
मग चमच्यांच्या खणात पडून होता.
वाहती शीर धरायला केलेला.
तिनं दाखवलं: बोट पेरापर्यंतच घाल,
आणि मोज. दोन टिक पुरे.
तिसरी टिक दुखवते.

सांगरुण, सकाळचे सव्वासहा, गुडघाभर पाणी.
पाठीला रबरी जाळी, खिशात मेणाची डबी,
माशी बुडू नये म्हणून.
चष्मा गाडीत राहिला, गाठ तीनदा सुटली.
चौथ्यांदा फेकली, आणि पाण्यानं ती गिळली.
महाशीर. वीतभराचा.

काठावर भागाबाई जाळं झटकत होत्या.
"सोडायचाच, तर धरला कशापायी?"

मला सांगता आलं नाही.
हात आधी पाण्यात बुडवले.
कोरड्या हातांनी धरला तर अंगावरचा बुळबुळीत लेप निघतो,
आणि मासा तेव्हाच मरत नाही,
आठवड्यानं मरतो, कुणी बघत नसताना.

त्या काचेच्या खोलीत तिघं होते.
पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला,
फार चांगलं बोलले सगळे.
ग्लास भरलेलाच राहिला,
हात सगळ्यांचे कोरडे.

चिमटा आत, एक टिक, अर्धं वळण.
गळ निघाला.
तोंड धारेकडे करून मी त्याला नुसता आधार दिला.
कल्ले उघडले, मिटले, उघडले.
जायची घाई त्यालाही नव्हती.

मग हात रिकामा.

"गेला," भागाबाई म्हणाल्या,
"न्याहारी केलीस का?"