भरतीच्या वेळी

तुझा हिशेब मी कपाटाच्या दाराला आतून
पेन्सिलीनं लिहून ठेवलाय, यास्ना.
एकोणीस: नर्सिंगच्या दोन सहामाह्या, पुएर्तो मॉन्तला.
तिसरीच्या आधीच परत आलीस, एक पांढरा कोट घेऊन.
आई तो अजून बटाटे काढताना घालते.
एकवीस: केयॉनच्या कारखान्यात सॅल्मनचे काटे उपसलेस,
अकरा महिने. हातांचा वास नाताळपर्यंत गेला नाही.
बावीस: अकॉर्डियन. त्याबद्दल न बोललेलं बरं.
त्याच वर्षी मालवाहू बोटीवर स्वयंपाकीण,
थेट पुंता अरेनासपर्यंत,
आणि तिथला कुणी ओस्वाल्दो, ज्याचं नाव तू एकदाच घेतलंस
आणि मग बराच वेळ एकच पातेलं घासत राहिलीस.

एक ना धड, भाराभर चिंध्या, मी म्हणालो.
हेही म्हणालो: विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर.
तू पावाला लोणी लावत होतीस.
म्हणालीस, निदान पाठीवर तरी आहे.

मग मार्चमध्ये, उन्हाळा जाता जाता,
एर्मेलिंदा म्हातारीनं ठरवलं
की उरलेले दिवस चर्चच्या घंटेजवळ काढायचे,
पण याच घरात.
आमच्या चिलोए बेटावर हे चालतं.
घर पायापासून सोडवायचं, ओंडक्यांवर चढवायचं,
शेजारपाजारचे बैल जुंपायचे,
आणि वाटेत खाडी आली तर भरतीची वाट बघायची.
पैसे कुणी घेत नाही. घरवाल्यानं
सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं, एवढंच.

सात जोड्या होत्या. सगळ्यांत पुढे माझे,
क्लावेल आणि लुसेरो.
तू वरच्या मजल्यावर, म्हातारीच्या बशा सांभाळायला.
टेकडी उतरताना घर असं कण्हलं
की लुसेरोनं कान मागे केले.
मी मागे वळून बघितलं नाही.
बैल हाकणाऱ्यानं बघू नये मागे,
मला तशीच सवय.

मग पाणी. घर जरा कललं, थबकलं,
आणि तरंगलं.
तीन लाँचेस त्याला ओढत होत्या, धूर सोडत.
मी काठावर, गुडघाभर चिखलात,
हातात रिकामा कासरा.
तेवढ्यात तू खिडकी उघडलीस आणि ओरडलीस,
सगळ्या गावाला ऐकू जाईल असं:
अरे, आपल्या कोठाराची मागची भिंत पिवळी आहे!
कुणी रंगवली?

त्या बाजूला उथळ पाणी. होड्या जात नाहीत.
अठरा वर्षांत ती भिंत
बगळ्यांखेरीज कुणी बघितली नव्हती.

मी तेवीस वर्षांचा होतो.
होडीच्या रंगाचा अर्धा डबा उरला होता.
वाल्परायसोला जायचं मनात होतं,
तिथं घरं असल्याच रंगांची असतात असं ऐकलेलं.
बसचे पैसे होते. वडील धडधाकट होते.
आई म्हणाली होती, जा.
आजवर मी सगळ्यांना सांगत आलो की अडचणी होत्या.
अडचण एकही नव्हती, यास्ना.
मी एक भिंत रंगवली, ब्रश धुतला,
आणि जेवायला घरात आलो.

संध्याकाळी सगळे चर्चपाशी जेवत होते,
वाफाळते शिंपले, बटाटे, ओठांना चिकटणारं मांस.
मी एकटाच टेकडीवर गेलो,
घर होतं तिथं.
गवत नसलेला एक चौकोन.
दोन चमचे, एक गोटी, कुणाचा तरी दुधाचा दात,
आणि कडेनं, आजवर ऊन न बघितलेले
फिकट पांढरे कोंब,
वाकडेतिकडे, पण उजेडाकडेच निघालेले.
गोटी मी खिशात टाकली. का ते माहीत नाही.

रात्री तू चुलीपाशी मोजे वाळवत होतीस.
पुढच्या आठवड्यात कुठं जाणार ते सांगत होतीस,
मधमाश्या, की काच फुंकायचा कारखाना,
मला नीट कळलं नाही.
मी विचारलं, ते अकॉर्डियन विकलंस का?
तू चमकून बघितलंस.
नाही. माळ्यावर आहे. पट्टा तुटलाय.

आण खाली, मी म्हटलं.
बैलांच्या वाद्या शिवतोच की मी.