मगर वगळून

कलाभवनच्या मागच्या जिन्याखाली,
जिथे आधी लेथ होतं आणि भिंतींना अजून तेलाचा वास आहे,
तिथे मी एक नदी बांधली.

त्याआधी भंगारातलं एक स्कूटरचं हँडल होतं,
एक जाडजूड पडदा, आणि पंखा बंद केला की
दहा मिनिटांत झोपी जाणारा संगणक.
एकोणतीस वर्षं माणसाचा हात मोजत आले:
कळीपाशी येऊन तो किती थबकतो,
किती मिलिसेकंद.
दांडिया बाजारातल्या नाडकर्णी काकू विचारायच्या,
"तू तिथे नक्की शिकवतेस काय गं?"
मी म्हणायचे, संकोच.
त्यांना वाटायचं, संस्कृतचा काही भाग असेल.

नदी म्हणजे विश्वामित्री, पुरातली.
डोळ्यांवर चष्मा चढवला की
काळाघोड्याच्या पुलाखालून पाणी वर येतं,
दुकानांच्या पाट्या एकेक करून बुडतात,
आणि माणसानं ठरवायचं, पाऊल कुठे टाकायचं.

मृगेशनं एका रात्रीत मगर केली.
शेपटीचं टोक जमेना,
म्हणून कमाटीबागेच्या पुलावर जाऊन
तास दीड तास खाली बघत उभा राहिला.
वॉचमननं दोनदा विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?

निबंध पाठवला. परीक्षक क्रमांक दोनचं उत्तर आलं,
नाव नसलेलं, अतिशय सभ्य:
"शहरातल्या पुरात मगर अवास्तव वाटते.
सहभागी व्यक्तीचा विश्वास उडेल. काढावी."

काढली.
जूनमध्ये बढतीची मुलाखत होती.
एक ओळ पुसायला लागतो तेवढाच वेळ लागला.
मृगेश काही बोलला नाही,
फक्त त्या दिवशी चहा न घेता गेला.

निबंध छापून आला. टाळ्याही झाल्या,
बर्फ पडणाऱ्या एका गावात, गालिचा घातलेल्या सभागृहात.

दुसऱ्या फेरीतले सहभागी क्रमांक एक्केचाळीस:
छत्रसिंहभाई परमार, सिटी बसचे निवृत्त चालक.
खोट्या पाण्यात गुडघाभर उभे राहिले
आणि हललेच नाहीत.
चार सेकंद. सात. अकरा.
सगळ्यांची सरासरी दोनच्या आत.
चष्मा काढून, रुमालानं कपाळ पुसत म्हणाले,
"बेन, मगर देखाती नथी.
एटले ज ऊभो छुं."

दिसत नाही. म्हणून तर उभा आहे.

मी फॉर्मवर लिहिलं: उपकरण समजलं नाही.
सहापेक्षा जास्त सेकंद घेणाऱ्यांना
आकडेमोडीतून वगळायचा नियम होता,
माझाच.

हिंदीत मगर म्हणजे पण.
हे मला कितीतरी उशिरा सुचलं, एका कंटाळवाण्या बैठकीत,
शेजारचे डीन समोसा फोडत असताना:
माझ्या सगळ्या निष्कर्षांत
एकही पण उरला नव्हता.

आज खोलीची किल्ली द्यायची आहे.
मृगेश आता आइंडहोव्हनला असतो, दिवाळीला मेसेज करतो.
खोकी बांधून झाली, हँडल कुणाला नको आहे,
पंखा चालू आहे.
शेवटचा म्हणून चष्मा मीच चढवला.

पाणी आलं. तेच, मी रंग निवडलेलं,
गढूळ, पण जरा जास्तच एकसारखं गढूळ.
पाट्या बुडाल्या. पूल आला.
यात काही नाही, मला ठाऊक आहे,
ओळ मीच पुसली होती.

पाऊल उचलत नाही.

आणि घड्याळ लावायला
आज खोलीत कुणी नाही.